दारातली पायतानं

यंत्र खोटं बोलत नाही, असं म्हणणाऱ्या माणसाने आयुष्यात कधी यंत्र दुरुस्त केलेलं नसतं. मी सोळा वर्षं तेच करतोय. यंत्रं सर्रास खोटं बोलतात. वायर सैल झाली की बोलतात, उन्हात तापली की बोलतात, आणि वीज कमीजास्त व्हायला लागली तर विचारूच नका. म्हणून मी आधी यंत्रावर संशय घेतो, मग ते लावणाऱ्यावर, मग ज्यांच्या जागेत लावलं त्यांच्यावर. बायको म्हणते, तुमच्याशी बोलताना साक्षीच्या पिंजऱ्यात उभं राहिल्यासारखं वाटतं. असू दे. पण जानेफळजवळच्या त्या गोदामात जे झालं, त्यात संशय कोणावर घ्यायचा ते मला अजून ठरवता आलेलं नाही. तुम्ही ऐका. चहा घ्या आधी, गार होतोय.

मी मूळचा चिखलीचा, नोकरी पुण्यात, एका संशोधन संस्थेत. आमच्या गटाने विषारी वायू ओळखणारी एक पेटी बनवली आहे. टेराहर्ट्झ नावाच्या लहरी असतात, रेडिओच्या लहरींपेक्षा बारीक आणि उजेडापेक्षा जाड. प्लास्टिक, कागद, कापड यांतून त्या काचेतून ऊन जावं तशा आरपार जातात. वाटेत वायू असला तर तो आपल्या आवडीच्या तेवढ्याच लहरी खातो, आणि पडद्यावरच्या रेषेत तिथे खड्डा पडतो. प्रत्येक वायूचे खड्डे ठरलेले. त्यामुळे कोणी न हुंगता, आत न जाता, बंद खोलीत कोणतं विष किती आहे ते कळतं. एकच अडचण, पाण्याची वाफ. ती कुठेही असते आणि सगळ्यांत जास्त खाते. आमच्या लॅबमध्ये तिला ‘सवत’ म्हणतात.

मागच्या मार्चमध्ये ही पेटी घेऊन मी जानेफळच्या अलीकडे एका शेतकरी गटाच्या गोदामात गेलो. आत हरभऱ्याची थप्पी छतापर्यंत. धान्याला कीड लागू नये म्हणून गोळ्या ठेवतात, हवेतल्या ओलाव्याने त्यांतून फॉस्फिन निघतो, आणि गोदाम सात दिवस बंद राहतं. त्या वायूत गेलेला माणूस परत येत नाही. तो बाहेर झिरपतो का, एवढंच मला तपासायचं होतं. साधं काम. मी तर जाताना चिखलीला घरी मुक्काम करून, आईच्या हातची ज्वारीची भाकरी खाऊन, मजेत गेलो होतो.

गोदामाचे व्यवस्थापक रामराव. पन्नाशीचे, अंगाने भारी, दम्याचे. खिशात कायम पंप. गोळ्या लावणारे दयाराम, साठीला आलेले, काटक, बोलायला कंजूष. झाडलोट करायला सुवर्णा, सत्तावीस-अठ्ठावीसची. एवढीच मंडळी, बाकी हमाल येऊन-जाऊन.

पहिल्या दिवशी पेटी नीट चालते का पाहायला मी सगळ्यांना तिच्या किरणासमोर श्वास सोडायला लावला. श्वासात वाफ असते, त्यामुळे श्वास सोडला की रेषा खाली जाते, घेतला की वर येते. लोकांना मोठी गंमत वाटली. दयाराम यांचा श्वास लांब आणि सपाट, विहिरीवर मोट चालवणाऱ्या माणसाचा. रामरावांचा दोन तुकड्यांत तुटलेला, दम्यामुळे. एक मोठा खड्डा, लगेच एक छोटा. सुवर्णाच्या श्वासाला शेवटी एक बारीक हिसका होता, लहान मूल रडून झाल्यावर देतं ना, तसा.

“हे असं काऊन?” तिने पडद्याकडे बोट दाखवून विचारलं.

“प्रत्येकाची वेगळी ढब असते.”

“मायची बी अशीच असन मंग,” ती म्हणाली. “झोपीत मले तिचा दम आयकू ये.”

रामराव पंप तोंडाला लावता लावता थांबले. मी ते पाहिलं. माझा स्वभावच तसा, मी असलं पाहतोच.

दुसऱ्या दिवशी अकराला गोदाम बंद करायचं होतं. दारातच दयाराम यांनी मला अडवलं.

“साहेब, बूट काढा. धान्यापाशी पायतान नेत नाही आम्ही.”

“अहो, सुरक्षेचे बूट आहेत, लोखंडी टोपीचे…”

“असतीन. काढा.”

काढले. दारात सगळ्यांची पायतानं ओळीने होती. नंतर कळलं की हा नुसता रिवाज नाही, त्यांची कामाची पद्धत आहे. गोळ्या लावून झाल्या की दयाराम दारात उभे राहून पायतानं मोजतात. ज्याचं त्याने घातलं, ओळ रिकामी झाली, की आत कोणी नाही. मग कडी, कुलूप, फटींना टेप. चाळीस वर्षं असंच चाललंय. मला पद्धत आवडली. वहीपेक्षा बरी, वहीत लोक खोट्या सह्या करतात.

मी आरसा घेऊन आत गेलो. पेटी बाहेर, दाराशेजारच्या झरोक्याला प्लास्टिकचा पडदा, किरण त्यातून आत जाणार, समोरच्या भिंतीवरच्या धातूच्या आरशावर आपटून परत येणार. आत अंधार, उकाडा, हरभऱ्याचा कोरडा वास. मागच्या कोपऱ्यात एक बाई पदर डोक्यावर घेऊन झाडत होती. केरसुणीचा आवाज अगदी सावकाश येत होता. आरसा नेमका तिथेच टांगायचा होता.

“मावशी, जरा सरका,” मी म्हणालो.

ती सरकली. मी आरसा टांगला, वळलो आणि बाहेर आलो. तेवढंच.

दयाराम यांनी गोळ्या लावल्या, मोठ्याने तीनदा विचारलं, “कोनी हाय का?” आणि पायतानं मोजली. माझे बूट मी घातले, ओळ रिकामी झाली, कुलूप लागलं. बारा वाजले होते. ऊन असं की समोरच्या लिंबाची सावली बुंध्याशी गोळा झालेली. हमाल जेवायला गेले. मी पेटी चालू केली.

फॉस्फिनचा खड्डा अजून नव्हता. मार्चची कोरडी हवा, गोळ्या फुटायला तास-दोन तास घेणार, ते ठीक. पण वाफेची रेषा हलत होती. खाली, वर. खाली, वर. मी वायर तपासली. झरोक्यावर वारा लागतो का पाहिलं, पान हलत नव्हतं. पेटी बंद करून परत लावली. खाली, वर. घड्याळ लावून मोजलं. मिनिटाला सोळा.

मग मी तो आकार नीट पाहिला. प्रत्येक खड्ड्याच्या शेवटी एक बारीक हिसका होता.

मी वळून पाहिलं. सुवर्णा लिंबाखाली डबा सोडून बसली होती. माझ्यापासून वीस पावलांवर.

“सुवर्णा,” मी आवाज शक्य तितका साधा ठेवून विचारलं, “आज झाडायला आत आणखी कोण होतं?”

“कोनीच नाही. मी एकटीच असतो.”

“मागच्या कोपऱ्यात?”

“कोपरा तं मी कालच झाडला, साहेब.”

मी स्वतः त्या बाईशी बोललो होतो. तिला सरका म्हणालो होतो. आणि तिला आत ठेवून दार लागलं होतं, माझ्या डोळ्यांसमोर. पडद्याच्या डाव्या कडेला फॉस्फिनच्या जागी रेषा हलकीशी दबू लागली होती.

मी रामरावांच्या खोलीत धावत गेलो. ते पंख्याखाली पेपर वाचत होते.

“दार उघडा. आत बाई आहे.”

“कोन बाई?”

“माहीत नाही. श्वास दिसतोय.”

रामरावांनी पेपरची घडी घातली. सावकाश. “साहेब, पायतानं मोजली ना? मंग आत कोनी नाही. गोळ्या लागल्यावर दार सात दिवस उघडत नाही. तुमचं मशीन उन्हानं तापलं असन.”

बरोबर तेच, जे मी एरवी म्हणालो असतो. पण हे बोलताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. ते दाराकडे पाहत होते, आणि त्यांचा श्वास शिट्टी वाजवायला लागला होता. दयाराम मागे येऊन उभे राहिले होते.

“आणि कोणी अनवाणी आलं असेल तर?” मी विचारलं. “त्याचं पायतान मोजणार कसं?”

मी सहज विचारलं हो. सुचलं तसं. पण दयाराम यांचा चेहरा उतरला. हातातला टेपचा गोल खाली पडला आणि घरंगळत खुर्चीखाली गेला.

“दम किती येते मिनिटाले?” त्यांनी हळूच विचारलं.

“सोळा होते. मी निघालो तेव्हा वीस.”

“साहेब, किल्ली द्या,” ते रामरावांना म्हणाले.

“दयाराम, येडा झाला का बे?”

“द्या.”

मी फोन काढला, पोलिसांना लावतो म्हणालो, तेव्हा किल्ली आली. टेप फाडायला दहा मिनिटं. दयाराम आणि मी नाकावर गाळणीचे मुखवटे चढवून आत गेलो. मुखवट्यातून स्वतःचाच श्वास एवढा मोठा ऐकू येतो की दुसरं काही ऐकू येत नाही. आम्ही थप्पीची प्रत्येक गल्ली पाहिली, वर चढून पाहिली, ताडपत्री उचलून पाहिली. मांजरसुद्धा नव्हतं.

मग मी झरोक्याखाली बॅटरी मारली. एक गोष्ट मघापासून मला खात होती. माणूस किरणाच्या वाटेत उभा राहिला असता तर किरण अडला असता, अंगातून तो जात नाही. रेषा मेली असती. ती मेली नव्हती. श्वास होता आणि अंग नव्हतं. झरोक्याखाली हरभऱ्याच्या भुकटीचा थर बसला होता, पिठासारखा. त्यात दोन पावलं उमटलेली. लहान, अनवाणी, बोटं भिंतीकडे. तिथवर आलेली पावलं नव्हती, तिथून गेलेलीही नव्हती. जोडी फक्त उभी होती.

दयाराम यांनी ती पाहिली आणि पायाने पुसायला पुढे झाले. मी त्यांचा हात धरला.

बाहेर रामराव मोटरसायकलवर बसलेले होते. “झाला खेळ तुमचा?” म्हणाले आणि मेहकरच्या दिशेने निघून गेले.

दयाराम लिंबाखाली मटकन बसले. सुवर्णा समोर उभी होती. मीच म्हणालो, “बोला आता. हे तुम्हाला नवीन नाही.”

ते माझ्याशी बोललेच नाहीत. सुवर्णाशी बोलले.

“तुही माय पळाली नाही, बाई.”

थोडक्यात सांगतो, कारण मला ते लांबवून सांगवत नाही. सुवर्णाची आई तानाबाई त्याच गोदामात झाडायची. अकरा वर्षांपूर्वी अशाच मार्चमध्ये ती घरी परतली नाही. गावाने उठवलं, ताना ऊसतोडीच्या मुकादमासंग गेली. सुवर्णा त्या बोलण्यात वाढली. सासरी नांदायला गेली तेव्हा ते बोलणं तिच्या आधी पोचलं होतं, आणि दोन वर्षांत ती परत आली. खरी गोष्ट अशी की त्या दिवशी दयाराम यांनी पायतानं मोजली, ओळ रिकामी होती, दार लावलं. ताना अनवाणी आली होती.

“तासाभरानं दार वाजलं,” दयाराम म्हणाले. “मले आयकू आलं… रामरावले बी आलं. मी उठलो. तो म्हने, बस, उंदीर असतीन. गोळ्या लागल्या, आता उघडलं तं नोकरी जाईन दोघाची… वाजत होतं… मंग नाही वाजलं.”

“आणि सात दिवसांनी?” मी विचारलं.

“दारापाशीच होती. रामरावनं ट्रॅक्टर आनला. पैनगंगेकडं गेला… मले नका विचारू पुढचं.”

सुवर्णा मग खाली बसली आणि स्वतःच्या चपलांकडे बघत राहिली.

“माहा दहावीचा पेपर होता त्या दिवशी,” ती म्हणाली. “माहा अंगठा तुटला व्हता चपलेचा. तिनं तिच्या देल्ल्या. म्हने, तू जाय, परीक्षेले अनवाणी जाऊ नये. मी अशीच जातो, कामावरच तं जा लागते…”

मला रडू आलं. लपवत नाही. त्या बाईने पोरीला चपला दिल्या आणि त्यामुळे ती मोजणीतून सुटली. आणि ज्यांनी ऐकलं ते बसून राहिले. मी दयाराम यांना म्हणालो, आत्ताच्या आत्ता ठाण्यात चला. ते म्हणाले, येतो. सुवर्णाने नाही म्हणून मान हलवली.

“आधी तिले बाहेर येऊ द्या.”

तिने पायातल्या चपला काढल्या, साध्या रबरी, निळ्या पट्ट्यांच्या. गोदामाच्या दारासमोर नीट जोडून ठेवल्या, तोंड बाहेरच्या बाजूला, घालून सरळ निघता येईल अशा. दयाराम यांना म्हणाली, “मामा, लावा दार.”

गोळ्या वाया जाऊ नयेत म्हणून गोदाम परत बंद करायचंच होतं. संस्थेच्या नियमाप्रमाणे या वेळी दारावर कागदाच्या तीन पट्ट्या चिकटवल्या आणि प्रत्येकीवर मी सही केली. सुवर्णा तापल्या मुरुमावरून अनवाणी घरी गेली.

बुधवारी श्वास होता. मिनिटाला सोळा, शेवटी हिसका. फॉस्फिनचा खड्डा आता विहिरीएवढा खोल झाला होता. त्या हवेत माणूस पंधरा मिनिटं टिकत नाही. गुरुवारीही श्वास होता. मी ते आकडे वहीत लिहिले नाहीत. रामराव दोन्ही दिवस आले, खोलीत बसले, दोनदा-तीनदा दारापर्यंत जाऊन त्या निळ्या चपलांकडे पाहून आले. गुरुवारी संध्याकाळी निघताना मला म्हणाले, “कोनाच्या हाय हे चपला? फेका म्हणा.” कोणी फेकल्या नाहीत.

शुक्रवारी सकाळी आठला मी पोचलो तर दयाराम दारापासून चार हात लांब उभे होते. सुवर्णा लिंबाखाली होती, हातात केरसुणी.

निळ्या चपला नव्हत्या. त्यांच्या जागी पुरुषी कातडी चपला होत्या, जाड टायरच्या तळाच्या, डाव्या टाचेला जास्त झिजलेल्या. त्यांचं तोंड आतल्या बाजूला होतं. काढून आत गेल्यावर राहतं तसं.

“रामरावच्या,” दयाराम म्हणाले. “त्याची बाई काल रातपासून धुंडून राह्यली. घरी नाही आला तो. मोटरसायकल खोलीमांगं उभी हाय.”

मी पट्ट्या पाहिल्या. तिन्ही शाबूत. सही माझीच, शाईसुद्धा फाकलेली नव्हती. टेप जिथल्या तिथे. कुलूप लागलेलं. दुसरं दार नाही त्या गोदामाला, झरोक्यातून मांजर जाईल फार तर.

मी पेटी चालू केली. फॉस्फिन होता तेवढाच, प्राणघातक. आणि वाफेची रेषा हलत होती. मिनिटाला अठ्ठावीस. एक मोठा खड्डा, लगेच एक छोटा. एक मोठा, एक छोटा.

मी तो आकार सोमवारी पाहिला होता. सगळे हसले होते तेव्हा.

मग दार वाजलं.

जोरात नाही. तळहाताने कोणी थापटावं तसं, खालच्या बाजूने, बसून. दोनदा… थांबून पुन्हा दोनदा.

मी दयाराम यांच्याकडे पाहिलं. ते दाराकडे बघत होते. मंगळवारपासून किल्ली त्यांच्याच कमरेला होती. त्यांनी तिच्यावर हात ठेवला आणि तसाच ठेवला.

“उंदीर असतीन,” ते म्हणाले.

मी सुवर्णाकडे पाहिलं. मला तिचा संशय आला, हे कबूल करतो. रात्री कोणाला बोलावून, कोणाच्या मदतीने… पण कशाने? सही माझी होती. ती माझ्याकडे शांतपणे बघत होती.

“पायतानं मोजली ना, साहेब?” तिने विचारलं. “मंग काऊन घाबरता?”

आता इथे तुम्ही मला विचाराल, मी काय केलं. सगळे तेच विचारतील म्हणून मी ही गोष्ट कोणाला सांगत नाही. मला कारणं भरपूर होती. मंगळवारी याच यंत्राने मला मूर्ख बनवलं होतं. त्या वायूत दार उघडणारा पहिला मरतो. आत कोणी असणं शक्यच नव्हतं, आणि असलंच तर ते जिवंत असणं शक्य नव्हतं. सगळी कारणं खरी आहेत, मी ती एक एक करून तपासली आहेत. पण खरं सांगू? मला उघडायचं नव्हतं. माझ्या मनात एकच आलं, की तिनेही असंच वाजवलं असेल. मी पेटी बंद केली. पडदा काळा झाला, आणि वाजणं मात्र चालू राहिलं. आम्ही तिघं लिंबाखाली जाऊन बसलो. साडेदहाच्या सुमाराला वाजायचं थांबलं. नंतर सुवर्णाने डबा सोडला आणि अर्धी भाकरी माझ्यापुढे केली. मी ती खाल्ली.

पुढच्या मंगळवारी दार उघडलं. आत हरभरा होता. दुसरं काही नाही, अगदी काही नाही. फक्त दाराच्या आतल्या बाजूला, खाली, लाकडावरची धूळ दोन हातांच्या रुंदीएवढी पुसलेली होती. दयाराम यांनी मला विचारलं, ठाण्यात जाऊ का? सुवर्णा म्हणाली, “आता राहू द्या, मामा.” रामरावांच्या घरच्यांनी तक्रार दिली. पोलीस येऊन गेले, गोदाम पाहून गेले, पट्ट्यांवरच्या सह्या पाहून गेले. गावाने महिनाभर वाट पाहिली आणि मग ठरवून टाकलं, की रामराव कोण्या बाईसंग सुरतेला पळाला. सुवर्णा पाण्याला गेली की आता बाया तिला ते सांगतात.

मी अहवालात लिहिलं, वाफेच्या रेषेत अडथळा, यंत्रदोष. सोळा वर्षांत खोटा लिहिलेला हा एकच अहवाल. संस्थेने तो मान्य केला आणि यावर्षी दुरुस्त पेटी घेऊन मला परत तिथेच पाठवलं. नाही म्हणायला कारण नव्हतं.

गेल्या आठवड्यात जाऊन आलो. नवे व्यवस्थापक आलेत, तरुण आहेत, नम्र आहेत. सुवर्णाच्या पायात नव्या चपला होत्या. त्या कातडी चपला मात्र दारात तशाच आहेत, तोंड आत करून. कोणी हात लावत नाही. पाऊस-ऊन खाऊन चामडं वाकडं झालंय.

गोळ्या लागल्या. दयाराम यांनी तीनदा विचारलं, कोनी हाय का? मग मोजायला लागले. हमालांनी घातली, व्यवस्थापकांनी घातली, सुवर्णाने घातली. मी बूट घातले. दयाराम यांनी ओळीकडे पाहिलं, बोटाने हवेत एकदा मोजलं, आणि मला ऐकू जाईल एवढ्याच आवाजात म्हणाले,

“एक जोड जास्त. बरोबर हाय.”

आणि त्यांनी दार लावलं. मी पेटीच्या बटणावर हात ठेवला होता. कुलूप अजून लागायचं होतं, आणि आतून, खालच्या बाजूने, कोणीतरी घाईघाईने थापटायला सुरुवात केली.